अल्पवयीन मुलं गुन्हेगारीकडे का वळतात आणि कायदा त्यांना सोडून का देतो?

तुमच्या वस्तीतल्या सोळा वर्षांच्या मुलाने कोयता घेऊन रस्त्यावरच्या गाड्या फोडल्या, पोलीस त्याला घेऊन गेले आणि आठवड्याभरात तो पुन्हा चौकात दिसायला लागला. ही मुलं अशी का होतात आणि कायदा त्यांचे एवढे लाड का करतो, असं तुम्ही विचारलंय. राग समजण्यासारखा आहे. ज्याची रिक्षा फुटली त्याचा त्या दिवसाचा धंदा गेला, वर काचेचा खर्च.

मी पुण्यात वकिली करते. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे आणि बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अल्पवयीनांची प्रकरणं चालतात तिथे, अशाच मुलांची बाजू मांडते. मला रोज दिसतं ते असं, की कायद्यात या मुलांसाठी बरंच काम सांगितलेलं आहे, आणि त्यातलं महत्त्वाचं काम मूल सुटून घरी गेल्यावरचं आहे. ते जवळजवळ होतच नाही. मुलं हातची जातात ती तिथे.

आधी कारणांबद्दल. गरिबी, फुटलेलं घर, दारुडा बाप ही यादी सगळ्यांना पाठ आहे. ती खोटी नाही, पण त्याच चाळीत, तशाच घरात वाढलेली बाकीची पोरं कॉलेजला जातात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मला सगळ्यात जास्त दिसते ती नववी. २०२३ पर्यंतच्या नियमाने आठवीपर्यंत मूल वर ढकललं जायचं, मग नववीत नापास व्हायचं आणि शाळा सुटायची. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा. अठरा पूर्ण होईपर्यंत धड नोकरी कोणी देत नाही. मधली तीन-चार वर्षं हा मुलगा करणार काय? तो चौकात उभा राहतो. आणि चौकात त्याची वाट बघणारा कोणीतरी असतोच.

एका मुलाचं सांगते. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. त्याच्या फाइलमध्ये परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे मुलाची चौकशी आणि सुटल्यावर देखरेख करणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरचा, सामाजिक तपासणी अहवाल होता. मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा उभं केल्यापासून पंधरा दिवसांत तो यावा लागतो. मुलाच्या घरचं वातावरण, शाळा, मित्र, सवयी, गुन्ह्यामागचं कारण हे सगळं त्यात असायला हवं, कारण पुढचा निर्णय त्यावर व्हायचा असतो. या अहवालात शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिलं होतं ‘अभ्यासात गोडी नाही’. मित्रांपुढे ‘वाईट संगत’. पालकांपुढे ‘दुर्लक्ष’. संपलं. अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. एकेका अधिकाऱ्याकडे इतकी प्रकरणं असतात की घरी जाऊन तासभर बसणं होतच नाही.

मी मुलाशी बोलले तेव्हा वेगळंच निघालं. त्याला वाचता येत नव्हतं. नववीपर्यंत पोचलेल्या मुलाला मराठीतली दोन वाक्यं सलग वाचता येत नव्हती आणि वर्गात उभं केलं की पोरं हसायची, म्हणून त्याने शाळा सोडली. आई चार घरची धुणीभांडी करून रात्री आठला यायची. त्याला दुर्लक्ष म्हणायचं? वस्तीतला एक ‘भाई’ त्याला गाडीवर मागे बसवून फिरवायचा, बिर्याणी खाऊ घालायचा, आई आजारी पडली तेव्हा औषधाचे पैसेही त्यानेच दिले. मग एक दिवस पिशवी ठेवायला दिली, नंतर कोयता हातात दिला आणि सांगितलं, ‘तू अठराच्या आतला आहेस, तुला काय होत नाय.’

त्या भाईचं नाव तपासात कुठेच आलं नाही. आणि इथे माझा खरा राग आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये मुलांना बेकायदेशीर कामाला वापरणाऱ्या मोठ्या माणसासाठी सात वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. दारू किंवा अमली पदार्थ विकायला, पोचवायला मूल वापरलं तर कलम ७८ आहे. ही कलमं लावलेली मला क्वचित दिसतात. पोरगा सापडतो, त्याचा फोटो चेहरा झाकून छापला जातो, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ (कायद्याच्या भाषेत अल्पवयीन आरोपी) ‘ताब्यात’ अशी बातमी होते आणि भाई पुढचा पोरगा शोधतो.

आता मुलगा लगेच का सुटतो ते. सध्याचा कायदा २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे उभं करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक बाई. कलम १२ प्रमाणे जामीन हा नियम आहे. सोडल्यामुळे तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं दिसलं तरच जामीन नाकारायचा. म्हणजे गुन्हा किती मोठा यापेक्षा घरी गेल्यावर त्याचं काय होईल हे बघायचं असतं. आणि ते कळायला हवा तो वरचा अहवाल, ज्यात ‘वाईट संगत’ एवढंच लिहिलेलं असतं! मग मंडळ तरी कशाच्या जोरावर ठरवणार?

दोष सिद्ध झाल्यावर ताकीद देऊन सोडण्यापासून समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षा (देखरेखीखाली घरी सोडणं) आणि विशेष गृहात, म्हणजे दोषी मुलांच्या सुधारगृहात, जास्तीत जास्त तीन वर्षं, इथपर्यंतचे आदेश देता येतात. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला अल्पवयीन तीन वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये बाहेर आला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. त्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवायची वाट ठेवली आहे. किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असेल तोच घृणास्पद गुन्हा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यातही आधी मंडळाने मुलाची मानसिक आणि शारीरिक कुवत, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासायची. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप मात्र कुठल्याच मुलाला देता येत नाही.

पुण्यातल्या कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण तुमच्या मनात असणारच. १९ मे २०२४ ला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले आणि त्याच दिवशी सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला. त्या निबंधाने या कायद्याचं जेवढं नाव खराब केलं तेवढं कशानेच केलं नसेल. पण जामीन देणारा आदेश मंडळाच्या एकट्या बिगरन्यायिक सदस्याचा होता, आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्याला प्रौढ म्हणून चालवायला नकार दिला. सदोष मनुष्यवधाच्या कलमात किमान सात वर्षांची शिक्षाच नाही, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. माझ्याकडच्या मुलांना मात्र पहिल्याच दिवशी जामीन मिळाला तरी हमी द्यायला माणूस सापडत नाही आणि ती येरवड्याच्या निरीक्षण गृहात पडून राहतात.

प्रमाणाचंही सांगते, कारण टीव्ही बघून वाटतं की सगळे गुन्हे पोरंच करतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात अल्पवयीनांनी केल्याचे ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. एकूण गुन्हे ५८ लाखांवर होते. पण राज्यांमध्ये सर्वाधिक नोंदी महाराष्ट्राच्या होत्या, तेव्हा ‘आपल्याकडे असं काही नाही’ असंही म्हणता येत नाही.

मी ज्याचं सांगितलं त्या मुलाला परिविक्षेवर सोडलं. वस्तीजवळच्या एका निवृत्त बाईंनी त्याला बाराखडीपासून वाचायला शिकवलं, सतरा नंबरचा फॉर्म भरून तो बाहेरून दहावीला बसला. गणितात अडकला, दुसऱ्या वेळी सुटला. आता गॅरेजमध्ये आहे. हे घडलं ते त्या बाईंमुळे. यंत्रणेत हे काम करणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या एका मुलाला अशी बाई भेटली नाही. तो अठरा वर्षांचा झाल्यावर मी त्याचं नाव मोठ्या कोर्टाच्या बोर्डावर वाचलं.

तुमच्या किंवा ओळखीच्या घरातलं मूल उद्या पोलिसांनी नेलं तर शाळेचा जन्मतारखेचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र किंवा महापालिकेचा जन्मदाखला घेऊन लगेच जा, वय त्यावर ठरतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, मुलांना वकील मोफत मिळतो. परिविक्षा अधिकारी घरी आला तर त्याला बसवून घ्या आणि खरं सांगा, लाज वाटली तरी: शाळा का सुटली, पैसे कोण देतं, रात्री मुलगा कोणाबरोबर असतो. आणि मुलाचं नाव, फोटो, व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवू नका. कलम ७४ खाली तो गुन्हा आहे, आणि ज्या गॅरेजवाल्याने त्याला उद्या कामावर घेतलं असतं त्याच्याही फोनवर तो फोटो पोचतो.