नर्सरीची फी भरावी की तेच पैसे मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवावेत?

दादा, तीन वर्षांच्या मुलीला चोपड्याच्या नर्सरीत वर्षाला पंचवीस हजार भरून घालावं, की गावच्या अंगणवाडीत पाठवून ते पैसे बारावीनंतरसाठी ठेवावेत, असं तुम्ही विचारलंय. मी जळगाव जिल्ह्यातच ज्युनिअर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवतो. माझं उत्तर अंगणवाडी. पण फी वाचली म्हणजे काम झालं असं समजू नका.

लहान वयातल्या खर्चाचं मोल मोठं, हे खरंच आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६२ पासून पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला. गरीब घरची मुलं, रोज अडीच तास वर्ग, शिवाय शिक्षिका दर आठवड्याला घरी येऊन आईसोबत बसायची. नोबेलविजेते जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा परतावा दरसाल ७ ते १० टक्के निघाला. त्यात गुन्हे कमी झाल्याचा, म्हणजे समाजाचा फायदाही मोठा होता. (म्हणूनच हा खर्च सरकारने करायचा असतो, एकट्या बापाने नव्हे.) बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत ओसरली. टिकलं ते हातातलं काम पुरं करणं, रागाला आवर घालणं, चारचौघांत नीट वागणं. एबीसीडी घोकून हे येत नाही.

जमैकात तर शाळाही नव्हती. १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या बाळांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्याला तासभर जायच्या आणि बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं ते आईला दाखवायच्या. खेळणी टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, तशाच पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त भरली.

तुमच्याकडे केळी आहे म्हणता. कटाईच्या दिवशी घड खाली ठेवला की पोरीला फण्या मोजू द्या. वरच्या फणीत केळी किती, शेवटच्या फणीत किती? ती चुकेल, पुन्हा मोजेल, मध्येच भलतंच काही विचारेल. उत्तर द्या, आणि अहिराणीतच द्या. पुढे शाळेत अडेल या भीतीने घरात तोलूनमापून पुस्तकी मराठी बोलणारे आईबाप मी पाहतो. त्या नादात लेकरांशी बोलणंच आटतं. हे मला फार लागतं.

आता अंगणवाडी. तामिळनाडूत एका प्रयोगात निवडक अंगणवाडी केंद्रांना एकेक अर्धवेळ कार्यकर्ती जादा दिली, तर तिथे शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि मुलांची शिकण्यात प्रगती झाली. आपल्याकडे सेविकाताईंची सकाळ वजनं, नोंदी आणि आहारवाटपातच जाते. तेव्हा आधी तिथे तासभर बसून बघा. मुलं गाणी म्हणतात, खेळतात, ताईंशी बोलतात ना? हात कमी पडत असतील तर ताईंना विचारून मुलीच्या आजीला आठवड्यातून एकदा गोष्टी सांगायला पाठवा. केंद्र बंदच राहत असेल तर मात्र खुशाल नर्सरीत घाला, फक्त तीन वर्षांच्या पोरीला लिहायचा गृहपाठ देणारी नको.

वाचलेल्या पैशांतून चित्रांची पुस्तकं, खडू आणि रोजचं अंडं-दूध आधी काढा. उरलेले सुकन्या समृद्धी खात्यात टाका. दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी त्यातली निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.