पुळणीतलं तेल : वाचकांचे प्रश्न

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, तेलगोळे (समुद्रातल्या तेलाचे काळे, चिकट गोळे) येतात. जेसीबीनं खड्डा काढून पुरून टाकतो. चालेल ना?

नाही, पुरणं कृपा करून थांबवा. वाळूतलं तेल किती वर्षं टिकणार हे मुख्यतः प्राणवायूवर ठरतं. उघड्यावरच्या तेलातले हलके घटक पहिल्या काही दिवसांत उडून जातात, उन्हानं त्याची रचना बदलते आणि उरलेल्यातला बराच भाग जिवाणू हळूहळू खातात. त्यांना हवा, ओल, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. पुरलेल्या गोळ्यापर्यंत यातलं फारसं काही पोचत नाही. शिवाय जिवाणू गोळ्याच्या पृष्ठभागावरूनच काम करतात, त्यामुळे फोडला तर आत तो मऊच निघतो. पावसाळा सरल्यावर वाळू परत भरते आणि गोळे आणखी खोल जातात. पुढच्या पावसात लाटांनी पुळण कापली की तेच वर येतात.

वेचायचे ते सकाळी, ओहोटीला. ऊन चढलं की गोळे पाघळतात आणि वाळू चिकटून वजन वाढतं. हातमोजे घाला, दाताळ्यानं ओढा, कोरडी वाळू जाळीतून चाळून तिथंच टाका. वरची दोन-तीन सेंटिमीटर वाळू पुरे. जेसीबीची चाकं तेल खाली दाबतात, म्हणून तो पुळणीवर नकोच. कासवांची घरटी असतील त्या पट्ट्यात दाताळंही नको, हातानं वेचा. जाड पिशव्या भरतीरेषेच्या वर ताडपत्रीवर, सावलीत ठेवा. हा घातक कचरा आहे, गावच्या कचऱ्यात मिसळू नका किंवा जाळू नका. तो कुठं द्यायचा ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा.

पायाला लागलेलं निघत नाही.

खोबरेल चोळा, फडक्यानं पुसा, मग साबण. रॉकेल, पेट्रोल, थिनर कातडीला लावू नका.

अलास्कात तेल इतकी वर्षं टिकलं ते थंडीमुळे. आपल्याकडे उष्णता आहे, मग काळजी कशाला?

थंडीचा वाटा आहे, पण खरं कारण जमिनीत आहे. 24 मार्च 1989 रोजी ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज अलास्कातल्या ब्लाय रीफ या खडकावर आदळलं आणि सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. 2001 मध्ये तिथल्या किनाऱ्यांवर हजारो खड्डे खणले, तेव्हा दगडगोट्यांखाली तेल अजून होतं. वरच्या थरातून पाणी सहज वाहतं; खालचा थर घट्ट, तिथं प्राणवायू फारच कमी. मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्ट फाल्मथजवळ 1969 साली ‘फ्लोरिडा’ या बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू नौकेतून) हलकं, डिझेलसारखं तेल सांडलं. तेही तिथल्या दलदलीच्या गाळात तीस वर्षांनी सापडलं. आपल्या खाजणांच्या आणि खारफुटीच्या काळ्या चिखलात प्राणवायू काही मिलिमीटरवरच संपतो. तिथं तेल गेलं तर त्यात उतरूच नका. प्रत्येक पाऊल ते आणखी खाली दाबतं.

जिवाणूंची पावडर टाकावी का?

त्यापेक्षा दाताळ्यांवर पैसे खर्च करा. तेल खाणारे जिवाणू समुद्रात मुळातच असतात. अलास्कात खत फवारून त्यांची गती वाढवली, पण हवाच नसलेल्या थरात खत घालून उपयोग होत नाही.

वाळूखाली तेल उरलंय हे कसं ओळखावं?

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात हातभर खोल खड्डा घ्या. तळाची चमचाभर वाळू पांढऱ्या वाडग्यात समुद्राच्या पाण्यात ढवळा. इंद्रधनुषी तवंग आला तर काडीनं तोडून बघा. तेलाचा तवंग लगेच पुन्हा जुळतो. तुकडे कोनेदार राहिले तर तो लोहजिवाणूंचा पापुद्रा, नैसर्गिक आहे. तेल निघालं तर खड्ड्याची जागा, खोली आणि तारीख लिहून ठेवा आणि पावसाळ्यानंतर तिथंच पुन्हा खणून बघा.