सारकॉइड आहेच, त्यात आता मणका?

"मॅडम, एका आजाराशी कसंबसं जमवून घेतलं होतं. आता मणक्यात नस दबलीय म्हणतात. ऑपरेशन करून मोकळं व्हायचं का?" समुपदेशनासाठी आलेल्या शोभाताईंच्या यजमानांचा हा प्रश्न. (नाव आणि तपशील बदलले आहेत.)

ताई 56 वर्षांच्या, शिक्षिका. आधी तोंड वाकडं झालं, मग पायांना मुंग्या. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासून, टीबी नाही याची खात्री करून न्यूरोसारकॉइडोसिसचं निदान झालं, म्हणजे शरीरात सुजेच्या गाठी करणारा सारकॉइड हा आजार मज्जासंस्थेत पोचलेला. स्टिरॉइड आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी मेथोट्रेक्झेट चालू होती. अलीकडे चालताना पोटऱ्या भरून यायला लागल्या. कंबरेचा एमआरआय काढला, तर चौथ्या-पाचव्या मणक्यांपाशी नसा जातात ती नलिका अरुंद झालेली.

"मोकळं व्हायचं का" या शब्दांतच खरी ओढ दिसते. सारकॉइड कधी उसळेल सांगता येत नाही, मणक्याचं मात्र कापून संपवता येईल असं वाटतं. म्हणून घरच्यांना सगळा दोष मणक्यावर टाकावासा वाटतो. पण या वयात अशी अरुंद नलिका काहीही त्रास नसलेल्यांच्या रिपोर्टातही सापडते.

निदान करणं समुपदेशकाचं काम नाही, पण डॉक्टरांपुढे काय न्यायचं ते नीट मांडून देता येतं. ताईंना वही घालायला सांगितली: किती चालल्यावर त्रास झाला, नेमकं काय झालं, कशाने थांबलं. दोन नोंदी बोलक्या होत्या. एक: "मंडईपर्यंत गेले, पोटऱ्या जड. कठड्यावर वाकून उभी राहिले, थोड्या वेळात बरं वाटलं." दुसरी: "चप्पल पायातून कधी निसटली कळलंच नाही. बसले तरी पाय बधिरच. पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखा."

पहिली नोंद कंबरेतल्या अरुंद नलिकेशी जुळते. वाकलं की नलिकेत जागा होते. दुसरी जुळत नाही. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली नुसत्या नसांचा झुपका. पट्ट्यासारखं आवळणं आणि नकळत निसटणारी चप्पल वर, छातीच्या भागात बघायला सांगतात, आणि तो भाग कंबरेच्या एमआरआयमध्ये येतच नाही. ही वही न्यूरोलॉजिस्टनी वाचली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) बघून मानेपासून खालपर्यंत कॉन्ट्रास्टसह, म्हणजे शिरेतून औषध देऊन, एमआरआय करून घेतला. छातीच्या भागात सारकॉइडची नवी सूज निघाली. म्हणजे कारणं दोन होती. उपचार आधी सुजेवर, ऑपरेशनचा विचार नंतर. तोवर फिजिओथेरपी आणि एका जागची सायकल, कारण त्यावर पुढे वाकूनच बसतात.

फाइल चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. "हाडं ठिसूळ होतील" म्हणून कुणीतरी कॅल्शियम आणि 60,000 युनिटची डी-3ची (डी जीवनसत्त्वाची) पुडी सुरू करून दिली होती. एरवी स्टिरॉइडसोबत हे रास्तच. पण सारकॉइडच्या गाठी स्वतःच डी जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप बनवतात, त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. रक्त-लघवीतलं कॅल्शियम न बघता पुडी घ्यायची नाही. साधा डी-3चा रिपोर्ट कमी आला तरी फसायचं नाही, सक्रिय डी वेगळं मोजावं लागतं.

यजमानांना एवढंच बजावलं की मांड्या लटपटतात, खाली बसलं की उठवत नाही, म्हणून स्टिरॉइड आपल्या मनाने बंद करायचं नाही. तो स्टिरॉइडचाही परिणाम असू शकतो, पण डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. पुढे ऑपरेशन ठरलंच, तर भूलतज्ज्ञाला स्टिरॉइड किती महिने चालू आहे हे आधी सांगायचं.

आणि लघवी तुंबली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने गेली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठायचं. ते कुठलं, हे आजच ठरवून फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगितलं.