गुळवेलीचा काढा घरातल्या सगळ्यांनी प्यायचा का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. सासूबाई (वय ६१) कोरोनापासून रोज सकाळी उपाशीपोटी गुळवेलीचा काढा घेतात, परसातल्या कडुनिंबावर वेल चढलीय तिच्याच कांड्या तोडून उकळतात. त्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे. आता मला आणि मुलाला (वय ९) पण द्यायचं म्हणतायत, इम्युनिटी वाढते म्हणून. आम्ही सगळे शाकाहारी, मी तर वर्षभर दूध-दहीसुद्धा बंद केलंय, पण सारखी थकते आणि हातापायाला मुंग्या येतात. मी काढा सुरू करू का? – एक वाचक, कराड

उत्तर: ताई, आधी तुमच्या मुंग्यांचं बोलू, कारण काढ्याच्या नादात तेच मागे पडेल आणि मला काळजी त्याचीच वाटतेय. शाकाहारी माणसाला, त्यातून दूधही बंद केलेल्याला, थकवा आणि मुंग्या म्हटलं की पहिला संशय बी१२ चा. हे जीवनसत्त्व झाडं बनवतच नाहीत, ते बनवतात बॅक्टेरिया, आणि आपल्यापर्यंत येतं ते दूध, अंडी, मासे, मटण यातून. लिव्हरमध्ये त्याचा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो म्हणून कमतरता उशिरा जाणवते, पण आयुष्यभर शाकाहारी असलेल्यांचा साठा बऱ्याचदा मुळातच तोकडा असतो आणि मग दूध सुटलं की तोही संपत जातो. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर विसंबू नका, त्यातलं बी१२ बहुतेक शरीराला वापरताच येत नाही. आणखी एक, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना फोलेट (रक्त बनवायला लागणारं दुसरं एक बी जीवनसत्त्व) नीट मिळतं, त्यामुळे रक्तात अ‍ॅनिमिया दिसत नाही पण आतमध्ये नसांचं नुकसान चालूच राहतं, म्हणजे हिमोग्लोबिन चांगलं आलं तरी निर्धास्त होऊ नका. फार उशीर झाला तर मुंग्या कायमच्या राहू शकतात.

आता गुळवेल. आयुर्वेदात तिला अमृता म्हणतात, मान मोठा आहे आणि मला तो कमी करायचा नाही. पण वैद्य ती माणूस बघून, मात्रा आणि दिवस ठरवून देतात, चार-पाच वर्षं रोज चहासारखी प्यायची वस्तू नाही ती. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना लिव्हरचा त्रास झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तेव्हा आक्षेप घेतला, म्हणाले वेल ओळखण्यात चूक झाली असेल, तशीच दिसणारी दुसरी जात असू शकते. मग २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांमधून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. लाखो लोकांनी काढा प्यायला त्यात हे थोडेच, मान्य, पण कोणाला होतं ते बघा: काहींमध्ये ऑटोइम्यून प्रकारचा आजार होता, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर चालून जाते तो. आपण इम्युनिटी वाढवा वाढवा म्हणतो, पण ती नुसती वाढवायची नसते, ताब्यातही राहावी लागते, आणि गुळवेल त्या यंत्रणेलाच चेतवते असं मानलं जातं. सासूबाईंसारखा कमी काम करणारा थायरॉइड बऱ्याच जणांना ऑटोइम्यून कारणानेच झालेला असतो म्हणून त्यांनी काढा थांबवावा, लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्यावी, डॉक्टरांना काढ्याचं स्पष्ट सांगावं (लोक सांगतच नाहीत, औषध कुठे आहे ते म्हणतात). डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, भूक मेलेली असं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच घ्यायची असते, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा-एक तास काही नाही, ती काढ्याबरोबर जात असेल तर तेही विचारा.

मुलाला अजिबात नको. त्याला मटकीची उसळ द्या, वर लिंबू पिळून, मोड आणल्याने फायटेट (कडधान्यातला लोह अडवून ठेवणारा घटक) कमी होतं आणि लिंबातल्या सी मुळे लोह जास्त शोषलं जातं. तुम्हीही तेच खा, फक्त जेवणावर लगेच चहा नको, टॅनिन लोह अडवतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२४ च्या आहार मार्गदर्शनात मोठ्यांसाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितलीत, आपल्या ताटात वाटीभर भाजी असते तिच्या कितीतरी पुढे आहे हे. भाज्या, डाळी, नाचणी यातला फायबर आतड्यातल्या बॅक्टेरियांचं खाद्य, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्याच भिंतीत असतो, म्हणून इम्युनिटीसाठी कष्ट घ्यायचेच असतील तर ताटावर घ्या.

बी१२ चा रिपोर्ट गोळी सुरू करायच्या आधी करा, आधी गोळ्या खाल्ल्या की आकडा चांगला दिसतो आणि खरी परिस्थिती कळत नाही. गोळी की इंजेक्शन ते तुमचे डॉक्टर आकडा बघून सांगतील, मुंग्या असल्याचं मात्र त्यांना आवर्जून सांगा.