विचारा, सांगतो: हेडटॉर्च टिकते कशी, मरते कशाने

प्रश्न: पावसाळी ट्रेकसाठी ‘१००० लुमेन’ लिहिलेली हेडटॉर्च घेतली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडली, चार्जही होत नाही. आता नवी घेताना काय बघू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आधी जुनीचं रबरी झाकण उघडून चार्जिंगच्या तोंडात डोकावा. हिरवट-काळी पुटं दिसली, तर कारण तिथेच सापडलं. एलईडी सहसा जात नाही. पावसात जातं ते हे तोंड. घामाचं खारं पाणी झाकणाखाली साचतं, घरी आल्या आल्या आपण ओल्या तोंडातच पिन खुपसतो आणि विजेचा प्रवाह मिळाला की तिथला धातू झपाट्याने खराब होतो. म्हणून ट्रेकहून आल्यावर झाकण उघडून रात्रभर वाळवायचं, चार्जिंग दुसऱ्या दिवशी.

खोक्यावर आयपीएक्स (टॉर्च पाणी किती सोसते त्याचा आकडा) ४ असेल तर सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी चालतं, बुडवलेलं नाही. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आपल्या पावसाला ७ असलेली बरी. फक्त ही चाचणी नव्या कोऱ्या टॉर्चवर, स्वच्छ पाण्यात घेतलेली असते. झाकणाचं रबर सैल पडलं की तो आकडा विसरा.

दुसरं, सेल काढता येतो का ते बघा. आतच पक्का बसवलेला सेल काही वर्षांनी दमतो आणि त्याच्यासोबत चांगला दिवाही कचऱ्यात जातो. बदलता येणारा १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सगळीकडे मिळतो. मात्र त्यावर ‘९९०० एमएएच’ (सेलची क्षमता) छापलेलं दिसलं तर दुकानातून बाहेर पडा. या मापाच्या खऱ्या सेलची मजल ३५०० च्या आसपासच संपते. खरा सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३० ग्रॅम दाखवला, तर तो सेल नकली समजा.

आता लुमेन, म्हणजे उजेडाचं माप. ३००० एमएएचच्या सेलमध्ये साधारण ११ वॉट-तास ऊर्जा असते. एका वॉटला १०० लुमेन धरले, तर १००० लुमेनला १० वॉट लागतात, म्हणजे तासाभरात खेळ खल्लास. त्याच्या आतच टॉर्च तापून स्वतःहून मंद होते, ते वेगळं. मळलेल्या वाटेवर १५० लुमेन पुरतात आणि तेवढ्यावर हाच सेल सातेक तास जातो. एफएल १ या टॉर्चसाठीच्या मानकानुसार लिहिलेला ‘रनटाइम’ हा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. ‘१० तास’ वाचून दहाही तास लख्ख उजेड मिळेल असं समजू नका.

शेवटी, दिवा खाली-वर करायचा सांधा दहा-वीस वेळा फिरवून बघा. नवीन असतानाच सैल असेल तर उतरताना दर पावलाला मान टाकेल. पट्टा काढून साबणाने धुता आला पाहिजे. घाम मुरला की इलॅस्टिक ढिलं पडतं.

प्रश्न: रात्रीच्या लायटीवर उसाला दारं धरायला (पाणी द्यायला) जावं लागतं. कमरेला बॅटरी आणि डोक्याला दिवा असलेली टॉर्च आहे, पण पावसाळ्यात चार महिने पडून राहिली की चार्ज धरत नाही.
– एक शेतकरी वाचक, कराड

उत्तर: तुमच्या टॉर्चमध्ये शिशाची ४ व्होल्टची बॅटरी असणार. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती वीज घेत नाही. ठेवताना पूर्ण चार्ज करून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा लावा. आत्ता फक्त बॅटरी बदला. त्याच मापाची बॅटरी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. वायर दिव्यात शिरते तिथेच वाकून-वाकून तुटते, त्या जागी थोडा ढिला वळसा देऊन चिकटपट्टी लावा.

आणखी एक, न विचारलेलं. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे वस्तूंची सावली त्यांच्याच मागे लपते आणि जमीन सपाट भासते. बांधावरचं जनावर, म्हणजे साप, पटकन ओळखू येत नाही. दिवा हातात, गुडघ्याच्या उंचीवर धरला की सावल्या लांब पडतात आणि खाचखळगे, वेटोळी उठून दिसतात. चालताना हातात, फावडं मारताना डोक्याला. आणि गमबूट हवेतच.

प्रश्न: धुक्यात हेडटॉर्च लावली की समोर नुसती पांढरी भिंत दिसते. जास्त लुमेनची घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नको, भिंत आणखी पांढरी होईल. कपाळावरून गेलेला उजेड धुक्यातल्या थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो. उजेड कमी करा, टॉर्च काढून कमरेशी धरा.

प्रश्न: साध्या सेलची टॉर्च खोक्यात ठेवली होती. आत पांढरी भुकटी झालीय. फेकू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: थांबा. अल्कलाइन सेलमधला क्षार गळलाय. हातमोजे घालून सेल काढा, कापसाच्या काडीने व्हिनेगर किंवा लिंबाचे दोन थेंब लावा. फसफस थांबली की स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग काळी असेल तर पॉलिश पेपरने घासा. झिजून तुटली असेल तर नवी डाग देऊन बसवावी लागेल. हे बऱ्याचदा होतं जुने-नवे सेल एकत्र घातल्याने. जुना आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून उलटी वीज रेटतात, आत वायू तयार होऊन त्याचं सील फुटतं. सगळे सेल एकदमच बदला आणि टॉर्च ठेवून देताना काढून ठेवा.