माइनक्राफ्टचा सर्व्हर घरी चालवावा की भाड्याने घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की माइनक्राफ्ट एकत्र खेळणारे सात-आठ मित्र आहेत, घरी जुना डेस्कटॉप पडून आहे, मग दर महिन्याला भाडं कशाला भरायचं? हेच गणित मांडून मी २०२० च्या लॉकडाउनमध्ये सांगलीत, गावभागातल्या घरी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा गेम ज्याला जोडला जातो ते मशीन, सुरू केला होता. दीडेक वर्ष चालवला.

कॉम्प्युटरची काळजी सोडा. आठ जणांना ८ जीबी रॅमचं मशीन पुरतं, त्यातली ४ जीबी गेमला द्यायची. माइनक्राफ्टचा बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतो, त्यामुळे कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगवान हे बघा. गेमचं जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकतं, त्या एकेका पावलाला टिक म्हणतात, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं नाही की गेममधल्या गाई-कोंबड्या जागच्या जागी नाचायला लागतात. व्ह्यू डिस्टन्स (खेळाडूला किती लांबपर्यंतचं जग दिसतं ते) १० वरून ७ वर आणलंत तरी बराच फरक पडेल.

खरी अडचण इंटरनेटच्या लाइनची. आज घरी गेल्यावर आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने तुमच्या लाइनला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर वेगळाच आकडा दिसत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला. मग माइनक्राफ्टचा २५५६५ हा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) राउटरमध्ये कितीही फॉरवर्ड करा, बाहेरून कुणी आत येणार नाही. मी यात दोन रात्री घालवल्या. तिसऱ्या दिवशी केबलवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) पाहिजे होय? त्याचे वेगळे पैसे.’ ते द्यायचे नसतील तर सगळ्यांनी टेलस्केल किंवा झीरोटियर टाकायचं, म्हणजे सगळ्यांचे कॉम्प्युटर एकाच खासगी नेटवर्कवर आणणारं सॉफ्टवेअर. चालतं, पण प्रत्येक मित्राच्या लॅपटॉपवर ते बसवून द्यायचं काम शेवटी तुमच्याच गळ्यात पडतं.

मग लाइट. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, तरी लाइट गेली की डेस्कटॉप रीस्टार्ट. बॅटरी नवीन घातली, तरी तेच. शेवटी इलेक्ट्रिशियनने इन्व्हर्टरच्या पाठीमागचं एक बारकं बटण दाखवलं, ते साध्या मोडवर होतं. यूपीएस मोडवर केलं की बदल इतक्या झटकन होतो की कॉम्प्युटरला कळत नाही. पंख्याला फरक पडत नाही म्हणून इतकी वर्षं कुणी त्या बटणाला हात लावला नव्हता. राउटरही इन्व्हर्टरवर घ्या, हे मला जरा उशिरा सुचलं. आणि इस्त्रीसाठी प्लग काढणाऱ्या आईवर कुठलाच मोड चालत नाही.

जुलै २०२१ च्या पुरात डेस्कटॉप माडीवर नेला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाणीपातळीचा आकडा वाढत होता, गल्लीची लाइट बंद केलेली, आणि पुण्याचा मित्र मेसेज करतोय, ‘सर्व्हर कधी चालू होणार?’ आमचं गेममधलं जग वाचलं ते पेनड्राइव्हवर कॉपी होती म्हणून. पाणी ओसरल्यावर मी मुंबईतला सर्व्हर भाड्याने घेतला.

पैशाचंही बघा. ७० वॅट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला की महिन्याला ५० युनिट होतात. घरचं बिल १०० युनिटच्या वरच्या टप्प्यात जात असेल तर ती ५० युनिटं महाग दरानेच लागतात. त्यात स्टॅटिक आयपी धरला की घरचं फुकट काही उरत नाही. आठ जणांत वाटलं तर भाडं माणशी एका वडापाव-चहाइतकं पडतं. (वसुली मात्र कायम माझ्याकडे, ते वेगळं दुखणं.)

भाड्याने घेताना दोनच गोष्टी विचारा: मशीन मुंबईत आहे का, आणि सीपीयू (प्रोसेसर) कोणता. नुसती रॅम बघून स्वस्तातला प्लॅन घेतलात, आणि तेच मशीन अजून चाळीस जणांत वाटलेलं असलं, तर संध्याकाळी पुन्हा कोंबड्या नाचणार. मित्र पुण्या-मुंबईत असतील तर घरच्या सर्व्हरला पिंगचाही (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचाही) फायदा नाही. आमची लाइन तरी आधी मुंबईला जाऊन मगच पुण्याला वळायची.

मात्र हे सगळं शिकायचं म्हणून करणार असाल, तर महिनाभर घरीच चालवा. नेटवर्किंगचं पुस्तक वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्या दोन रात्रींत कळलं. फक्त खेळायचं असेल तर सरळ भाड्याने घ्या. दोन्हीकडे व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्या खेळाडूंनाच आत घेणारी सेटिंग) पहिल्या दिवशीच चालू करा, कारण उघडे पोर्ट शोधत फिरणारे बॉट लवकरच दार ठोठावतात. आणि बॅकअप भाडं घेणाऱ्यावर सोडू नका. माझा जुना डेस्कटॉप आता त्याच कामाला आहे: रविवारी सकाळी चालू करतो, आठवड्याचं जग उतरवून घेतो, बंद करतो.