स्लाइड नकोत, वही पाठव

प्रिय,

उद्योजकता प्रशिक्षणाला जाऊ का, असं विचारलंयस आणि सोबत बावीस स्लाइड जोडल्यास. त्यातल्या वीस तुझ्या बायोमार्करवर, म्हणजे रक्तातल्या ज्या खुणेवरून तू आजाराची चाचणी बनवते आहेस तिच्यावर, एक बाजारपेठेच्या आकड्यावर आणि एक आभाराची. रक्त काढणारी नर्स एकीवरही नाही. तेवढ्यासाठी तरी जाच.

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कोर हा संशोधकांना उद्योजकता शिकवणारा कार्यक्रम सुरू केला आणि २०१४ मध्ये एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने तो वैद्यकीय संशोधकांसाठी घेतला. त्यात काही आठवड्यांत शंभरेक मुलाखती घ्यायला लावतात. तुझ्याकडूनही असंच काहीतरी करून घेतील. ‘आमची चाचणी वापराल का?’ असं विचारू नकोस, डॉक्टर भिडेखातर हो म्हणतात. ‘असा रुग्ण शेवटचा आला तेव्हा काय केलंत?’ एवढंच विचार आणि गप्प बस. जन्मभर सेमिनार देणाऱ्या आपल्या जमातीला हे गप्प बसणं फार जड जातं.

मी हे उशिरा शिकलो. आमची पट्टी-चाचणी पंधरा मिनिटांत उत्तर द्यायची, त्याचा आम्हाला कोण अभिमान! एकदा परवानगी काढून वॉर्डात रात्रभर उभा राहिलो. नर्सच्या हातात एकावर एक दोन मोजे, तेही ओले. पाकिटाचं फॉइल काही केल्या सुटेना. शेवटी तिनं कात्री लावली, तर फॉइलबरोबर पट्टीचं टोकही गेलं. एक शब्द न बोलता तिनं नेहमीची नळी भरली आणि लॅबला पाठवली. रिपोर्ट दोन तासांनी आला, आणि उपचार ठरवणारे डॉक्टर उगवले सकाळच्या राउंडला. पाकीट महिन्याभरात सुधारलं असतं. पण त्या पंधरा मिनिटांची तिथं कुणाला गरजच नव्हती, त्याचं काय करणार? तीन वर्षं आणि दोन अनुदानं आम्ही त्यावर घातली होती.

म्हणून तुला विचारतो: तुझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर डॉक्टर नेमकं काय वेगळं करतील? आणि निगेटिव्ह आला तर? दोन्ही वेळा तेच करणार असतील, तर ते काम शोधनिबंध म्हणून उत्तम आहे, चाचणी म्हणून नाही. शिवाय चाचणी लिहून देणारा एक, करणारा दुसरा आणि पैसे मोजणारा तिसराच असतो. तिघांशी बोल. खरेदी समितीतल्या माणसाला संशोधक सहसा भेटतच नाहीत, त्याला आधी गाठ.

पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर लावणार आहेस म्हणे. काम असं जाहीर झालं की पेटंट हातचं जाऊ शकतं. त्याआधी विद्यापीठाच्या पेटंट पाहणाऱ्या कार्यालयात जाऊन ये. कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांचं जनुक जोडण्याचं काम १९७३ च्या नोव्हेंबरात छापून आलं. कोहेन यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने पेटंटचा अर्ज केला १९७४ च्या नोव्हेंबरात, छापून आल्यावरही अर्ज करायला अमेरिकेत मिळणारी वर्षभराची सवलत संपायला आठवडा उरला असताना. तिथलं पेटंट बचावलं, पण परदेशांतले हक्क हातचे गेले, कारण अशी सवलत सगळीकडे नसते.

‘ही चाचणी कोणासाठी आणि कशासाठी’ हे एका वाक्यात आत्ताच लिहून काढ. ‘निदान करते’ आणि ‘निदानाला मदत करते’ यांतला फरक तुला शब्दांचा वाटेल, पण नियामक किती पुरावा मागणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. आणि प्रयोग दुसऱ्या लॅबकडून करवून घे. अ‍ॅमजेन या अमेरिकी औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ गाजलेले शोधनिबंध तपासले होते, त्यांतल्या फक्त ६ निबंधांचे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळाले, असं त्यांनी २०१२ मध्ये लिहिलं. गुंतवणूकदारांनीही ते वाचलेलं असतं.

कंपनीची प्रमुख तूच व्हायचं का, हे आत्ता ठरवू नकोस. मला ते जमलं नाही आणि त्याची खंतही नाही.

पहिल्या दहा मुलाखती झाल्या की वही पाठव. अक्षर कसंही चालेल, लोक जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत हवं.

तुझा,
सर